तुझ्याच अक्षरात

परळ,
मंगळवार, १० जून २०२५
दुपारी २ वाजून २० मिनिटे

ताईस,
जयभीम.

झेरॉक्सच्या दुकानाचं शटर जेवणासाठी अर्धं ओढलंय आणि दौलतशेठ आत आडवे झालेत. मी आत्तापर्यंत एका मुलीच्या प्रकल्पाला स्पायरल घालत होतो. एकशे बारा पानं होती, त्यातलं सत्तेचाळिसावं उलटं लागलं म्हणून सगळं काढून परत घातलं. ते संपवून हे लिहायला घेतलं.

आई ठीक आहे. गुडघा सकाळी धरतो, दहानंतर सोडतो. औषध मी आणलंय. तू फोनवर औषधाचं विचारू नकोस. विचारलंस की तिला वाटतं तू घेऊन येणार आहेस, आणि मग ती संध्याकाळभर दाराकडे बघते.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिता आलं असतं. पण तिथे तू अंगठा टाकतेस आणि विषय संपतो.

तू सांगितलेलं काम पूर्ण झालंय. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तीस जूनच्या आत शाळेला एम.ए.च्या प्रवेशाचं पत्र दाखवायचं आहे, नाहीतर ती जागा दुसऱ्या बाईंना जाईल, हे मला माहीत आहे. तू तेवढं चार वेळा सांगितलंस. म्हणून शिक्षणशास्त्राच्या ऑनलाइन एम.ए.चे अकरा कोर्स बघितले, आणि शेवटपर्यंत तीन ठेवले.

पहिला दादरच्या एजंटचा. तो म्हणाला, "मॅडमना काय करायचं नाय, फक्त फोटो पाठवा." त्याच्या विद्यापीठाचं नाव मान्यतेच्या यादीत तीनदा शोधलं, सापडलं नाही. तो कोर्स सोडला.

दुसरा तुला हवा होता तसाच. परीक्षा घरून, कॅमेरा नाही. स्वाध्याय हाताने लिहायचे आणि स्कॅन करून चढवायचे. कुणी काही विचारत नाही. "लिखाण कितीही असू दे, पण समोर बसवणारं नको," असं तू २८ मे रोजी फोनवर म्हणाली होतीस. मी वहीत लिहून ठेवलंय.

तिसऱ्यात दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा वर्ग, कॅमेरा चालू ठेवून. परीक्षेआधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायची, मग चेहरा सतत समोर. प्रत्येक स्वाध्यायावर तोंडी परीक्षा. आणि पहिल्याच सत्रात आपल्या वर्गातल्या एका मुलाचं चाळीस दिवस निरीक्षण करून त्याच्या नोंदी द्यायच्या.

मी तिसरा निवडलाय. मान्यता आहे, फी दुसऱ्याएवढीच आहे, वेळेत पत्र मिळेल. अर्ज भरून सोबत जोडलाय. सहीची जागा रिकामी ठेवली आहे. तुझी सही मला येते, तरी ठेवली आहे.

तुला राग येईल. यावा.

तुझ्या बी.एड.चे चाळीस सराव पाठ मी लिहिले. पहिल्या दोन पाठांत सर म्हणाले की अक्षर वेगळं दिसतंय, म्हणून तू मला तुझी वही दिलीस आणि मी आठ दिवस बसून तुझं वळण गिरवलं. पाठ टाचणात उजवीकडे एक रकाना असायचा, 'विद्यार्थी कृती'. शिक्षकाने विचारल्यावर मुलं काय बोलतील ते तिथे लिहायचं. मी आयुष्यात कधी वर्गापुढे उभा राहिलो नव्हतो. मी आपल्या मजल्यावरची पोरं आठवायचो आणि त्यांची उत्तरं लिहायचो. पाण्याच्या पाठात एक मुलगा म्हणतो, "बाई, आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि भांडण पण." तुझ्या सरांनी लाल पेनाने लिहिलं होतं, मुलांची उत्तरं जिवंत आहेत. त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ते काम आवडायचं. तुझ्यासाठी केलं असं मी म्हणतो, पण तेवढंच खरं नाही.

परवा रविवारी अँटॉप हिलला तुझ्याकडे जेवायला आलो नसतो तर बहुतेक दुसराच कोर्स निवडला असता आणि अजून दोन वर्षं लिहीत बसलो असतो. दाजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, गौतमला दे ना. बी.एड. काढलंन, एम.ए. पण काढेल. दुकानात त्याला काय, बटणच तर दाबायचं."

तू म्हणालीस, "आमचं अक्षर सारखंच आहे हो, लहानपणापासून."

लहानपणापासून नाही, ताई.

मग पूर्वी पापड मोडत म्हणाली, "मामा, तू नापास झालास ना? म्हणून तू मम्मीचा होमवर्क करतोस?"

दाजी हसले. तू म्हणालीस, "पूर्वी, जेव गुपचूप." मी तुझ्याकडे बघत होतो. नाही म्हणायला एक शब्द लागतो. तू तिला आमटी वाढलीस.

सात वर्षांच्या मुलीला हे आपोआप माहीत होत नाही.

तर आता तारखेने लिहितो, म्हणजे विसरलीस असं होणार नाही. सोमवार, २२ एप्रिल २०१९. माझा एस.वाय.बी.ए.चा राज्यशास्त्राचा पेपर अकरा वाजता, केंद्र दादर. नऊ पस्तीसला तुझा फोन आला की वार्षिक पाठाची फाइल घरी राहिली. मी ती घेऊन शीवला तुझ्या शाळेत आलो. शिपाई फाइल घेईना, म्हणाला बाईंच्या हातातच द्या. तू दहा पन्नासला बाहेर आलीस. मी दादरला अकरा बेचाळीसला पोहोचलो. अर्ध्या तासानंतर आत घेत नाहीत. फाटकाबाहेरून तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "आईला आत्ता नको सांगूस. माझा पाठ आहे, तिचं टेन्शन मला नको."

आत्ता, म्हणाली होतीस. सहा वर्षं झाली.

पेपर ऑक्टोबरमध्ये परत देता आला असता. पण जूनमध्ये तुझ्या दुसऱ्या वर्षाची फी आली आणि ती भरायला मी इथे दुकानात लागलो. आईला वाटलं, हा नापास झाला म्हणून शिक्षण सोडलं. ती अजून बाजूच्या कांतामावशीला सांगते, "त्याचं डोकं नाही चालत अभ्यासात, पण पोरगा गुणाचा." तुझ्यासमोरही सांगते. तू मान हलवतेस.

मी पण बोललो नाही. तू बोलशील म्हणून थांबलो होतो.

काल दौलतशेठ विचारत होते, "काय रे, बहिणीचं एम.ए. पण तूच करणार?" मी म्हटलं, नाही. त्यांना खरं वाटलं नाही. तुलाही वाटणार नाही, म्हणून लिहून देतोय. दुसरा कोर्स तू अजूनही घेऊ शकतेस. लिहिणारी माणसं दुकानात मिळतात. पानाला बारा रुपये, अक्षर जुळवून पंधरा.

मी माझं बी.ए. पुन्हा घेतलंय, दूरस्थ. गेल्या बुधवारी अर्ज द्यायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, बारावीच्या हॉलतिकिटावरची सही आणि ही जुळत नाही. परत केली, परत जुळेना. हात तुझ्याच वळणाने जात होता. तीन अर्ज वाया गेले. चौथ्यावर हॉलतिकीट समोर ठेवून माझीच सही मी बघून बघून केली.

आणखी एक. आज सकाळी मी दुसरं एक पत्र लिहायला बसलो होतो. "प्रिय आई, मी अक्षदा लिहिते आहे." बावीस एप्रिलचं सगळं, पूर्ण एक पान, तुझ्या अक्षरात. आईने काय, दाजींनीही शंका घेतली नसती. वाक्यंसुद्धा तुझीच वाटत होती, इतकी वर्षं तीही मीच लिहीत आलोय. पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं. मग फाडलं. तोही तुझा स्वाध्याय मीच केला असता आणि तू पुन्हा पास झाली असतीस.

तेवढा तुझा तू कर.

गौतम
(सही बारावीतली, जमली तशी)

हिशोब:
माहितीपत्रकांच्या प्रिंट, ८४ पानं: १६८ रुपये. मी दिले, सोडले.
तुझं नोंदणी शुल्क: ५०० रुपये. मी भरले. पूर्वीला वाढदिवसाचे धर.
माझी बी.ए.ची फी: ४,३०० रुपये. भरली.
तुझ्या पहिल्या सत्राची फी: १८,००० रुपये. तुझी तू भर, शेवटची तारीख २० जून.
येणं: आईला एक फोन, पूर्वीला एक वाक्य. तारीख तीच.