कमिटीवरचा सातवा आकडा

३ मार्च
फेलोशिपच्या निवड कमिटीवर माझी नेमणूक झाली. गरिबाला आणि श्रीमंताला वेगवेगळे उपचार मिळतात, तो फरक कमी कसा करायचा, यावर संशोधन करणाऱ्या पीएचडीवाल्यांना दोन वर्षांची फेलोशिप. कमिटीत सहा प्रोफेसर आणि एक सामान्य नागरिक. सामान्य म्हणजे मी. माझं नाव ग्रंथपालांनी सुचवलं. शाळा सातवीपर्यंत, पण वाचनालयाची तीन कपाटं वाचून संपवली आहेत. प्रोफेसरांना जड जाणार.
नणंद म्हणाली, वहिनी, तिथे गप्प बसायचं असतं. हिचं वाचन म्हणजे साबणाची वेष्टणं.

५ मार्च, सकाळी
अर्जांचा गठ्ठा आला. वर सूचनांची बारा पानं. कचेरीतली मुलगी फोनवर म्हणाली, काकू, आधी सूचना वाचा हं. म्हटलं, बाळ, मी प्रस्तावना वगळून कादंबऱ्या वाचते. एक ते नऊ मार्क द्यायचे, त्यात काय वाचायचंय?

९ मार्च
अकरा अर्ज झाले. एकातही आजारी माणूस नाही. सगळे ‘वंचित घटक’. एका पठ्ठ्याने हा शब्द एकेचाळीस वेळा वापरलाय. मोजला. घटकाला खोकला येतो का, हे त्याला विचारणार.

१२ मार्च
एक सापडली. आधी नर्स होती, मग पीएचडी. तिला एवढंच बघायचंय, की फॉर्म चुकला म्हणून इस्पितळाच्या खिडकीवरून किती जण परत जातात, आणि शेजारी फॉर्म भरून देणारा माणूस बसवला तर किती वाचतात.
आमचे हे त्या खिडकीवरून दोनदा परत आले होते. एकदा सही चुकीच्या रकान्यात. एकदा फॉर्मच भलत्या विभागाचा. खिडकीतला म्हणाला, वाचता येत नाही का? तिसरा फॉर्म मी बिनचूक भरला. तो घेऊन जायला हे उरले नाहीत.
सात वर्षं झाली.
बाई, फेलोशिप तुझीच.

१८ मार्च
मुलाखती. एकेचाळीस घटकवाला टाय लावून आला. सात रंगांचे आलेख. विचारलं, इस्पितळाच्या रांगेत कधी उभा राहिलास? म्हणाला, डेटा आहे. तीन प्रोफेसर माना डोलवायला लागले. डोकी हलकी असली की माना लवकर हलतात.
नर्सचं पडद्यावर आलेख दाखवायचं मशीन अडकलं. तिने तोंडीच सांगितलं, झकास. अध्यक्ष म्हणाले, पण फॉर्म भरताना लोकांनी सूचना वाचायला नकोत का? मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पाणी मागवलं.
नर्सला नऊ. टायवाल्याला एक, तोही टाय सरळ होता म्हणून.

१९ मार्च
नर्सला अभिनंदनाचं पत्र लिहून ठेवलं. फक्त तारीख घालायची राहिलीय.

२६ मार्च, दुपारी
निकाल. टायवाला! नर्स दुसरी, अगदी थोडक्यात हुकली.
सरळसरळ कारस्थान. सहाही जण आतून एक. पेपरात देणार. नणंदेला तसं सांगूनही टाकलं.

त्याच दिवशी, चार वाजता
कचेरीतल्या मुलीला फोनवर फैलावर घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, काकू, प्रोफेसर तीन इकडे, तीन तिकडे होते. तुमच्या आकड्याने ठरलं. इथे एक म्हणजे सर्वांत उत्तम आणि नऊ म्हणजे टाकाऊ. दुसऱ्या पानावर दिलंय.

२७ मार्च
असली उलटी मोजणी प्रोफेसरच करू जाणे. शहाण्या माणसाला नऊ म्हणजे नऊच वाटणार.
नणंद म्हणाली, पण वहिनी, शाळेत पहिला नंबरच चांगला ना? हिला कोणी विचारलं होतं?
जेवण गेलं नाही.

२८ मार्च
कचेरीतल्या मुलीचा फोन. निकाल अजून पक्का नाही, दुरुस्तीचा अर्ज करता येतो, आज पाचपर्यंत. म्हटलं, पाठव. एवढ्याने काय होतंय?
आठ पानं. या वेळी पहिल्या शब्दापासून वाचली, दोनदा. शेवटी सहीसाठी दोन रकाने. पेन उघडून तासभर बसले. दोन्ही रकान्यांवरचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला.
तीन वाजता तिला फोन केला. म्हटलं, पोरी, माझ्या शेजारी येऊन बसतेस का जरा?