फ्रीजरमधली रिंग

३ मार्च
काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी दूध तापवलं, कणीक मळली आणि कुकरची सैल झालेली रिंग घट्ट व्हायला फ्रीजरमध्ये टाकली, नेहमीसारखी. आमचे हे, श्यामकांत, चहा सोडून तिच्याकडेच बघत बसले. कडक गारठ्यातही गळणार नाही अशी रिंग त्यांनी पुढे रॉकेटच्या व्हॉल्व्हसाठी केली. ते गेले, रॉकेट अजून उडायचंय. यांची मोहालीची कंपनी आणि एक परदेशी कंपनी मिळून करतात. लोकांचे सॅटेलाइट भाडं घेऊन वर न्यायचे.

यांच्याबरोबर काम करणारे दिगंबर भावजी आज म्हणाले, वहिनी, रॉकेटवर श्यामचं नाव असणार. पक्का!

ती रिंग मी फ्रीजरमध्येच जपलीय. परदेशी साहेब बघायला मागतील.

१० मार्च
चंदीगडच्या सेक्टर बावीसमधून रॉकेटवरचं जुनं इंग्रजी पुस्तक आणलं. रोज दहा पानं. साहेबांशी बोलावं लागेल.

१४ मार्च
तीन पानं झाली. प्रस्तावनाच अवघड असते. उद्यापासून जोरात.

२२ मार्च
शेजारच्या भुल्लर आंटींना उड्डाणाच्या दिवशी चहाला बोलावलं. त्यांनी विचारलं, नाम कितना बड़ा लिखेंगे जी? मी दोन्ही हात पसरून दाखवले.

५ एप्रिल
भावजींचा फोन. नाव जमणार नाही. परदेशी पार्टनर म्हणतात, रंगाचंही वजन होतं. बरोबरच आहे. पुस्तकात असेल, पुढे कुठेतरी. भाषणात नाव घेतीलच. अबोली साडी इस्त्रीला दिली.

१२ एप्रिल, सकाळ
टीव्हीवर रॉकेट दिसलं. वरपासून खालपर्यंत चॉकलेट बिस्किटाची जाहिरात. आंटींनी विचारलं, भाईसाहब बिस्कुट कंपनी में थे क्या?

उडालं. वर पोचलं. म्हणजे रिंग गळली नाही.

मग भावजी, गळ्यात हार. कुणीतरी विचारलं, ही रिंग सुचली कशी? हसून म्हणाले, एकदा आमच्या मिसेसनं, लीलावतीनं, कुकरची रिंग फ्रीजरमध्ये टाकली होती.

लीलावतीवहिनींकडे पहिल्यापासून बिनरिंगचा इलेक्ट्रिक कुकर आहे.

संध्याकाळ
गडबडीत चुकून बोलले असतील. फोन करतील. साडी अजून बदललेली नाही.

१३ एप्रिल
फोन आला नाही. पुस्तक रद्दीत टाकलं. रिंग फ्रीजरमधून काढली, कुकरला लावली आणि एकटीपुरता वरणभात केला.