विहीर कोणती पुजायची

६ एप्रिल २००४
लेक सुनीता सेनगावाहून जीपनं आली. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे, आणि ह्याही वर्षी विहिरीनं तळ दाखवला. टँकर येतो, कुठून भरतो देव जाणे. मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या शेवंताची सून अशीच दिवस भरलेली होती. कावीळ झाली. डॉक्टर म्हणाले पाण्यातून आली. पोटातल्या लेकरासकट गेली. शेवंता सु.शी बोलते, पण तिच्या पोटाकडं बघत न्हाई. मला आतापासूनच झोप न्हाई.

८ एप्रिल
शाळेमागं कॉलेजवाल्यांचं शेड चालू झालं. गावाच्या सगळ्या न्हाण्यांचं, मोऱ्यांचं पाणी एका खड्ड्यात. मग वाळू, कोळसा, बारीक पडद्याच्या नळ्या, शेवटी जंतू मारायचा जांभळा दिवा. आणि म्हणे प्यायचं! कॉलेजचे सर आमच्यासमोर गिलासभर प्याले. सगळ्या बाया एकदम "शीऽऽ". त्यात मीपण.
सर म्हणाले, "ताई, नदीत तरी काय येतं? वरच्या गावांचं सांडपाणीच ना?"
मग आजवर आपण काय पीत होतो? डोकं फिरून गेलं.

११ एप्रिल
सु.चा हट्ट, एक कळशी आणून बघू. ह्यांना पाठवलं. हे टॉवेलखाली कळशी झाकून आले, जशी काही दारूच आणली.
सासूबाई उसळल्या. "ह्या आळीचं, त्या आळीचं, सगळ्यांच्या मोरीचं एकत्र! काहून गं, घर बाटवून राहिलीस?"
मीपण तोंडाची फटकळ. म्हटलं, "टँकरला विचारता का, कोणत्या आळीचा?"
पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात... जाऊ दे.

१२ एप्रिल
डाळ शिजली! टँकरच्या पाण्यात तूर दुपारपर्यंत टणक राहते. ह्या पाण्यात दोन उकळ्यांत मेण. आपल्याकडं पाण्याची परीक्षा एकच, डाळ शिजली की पाणी चांगलं. पदर खोचून पळतच शेडवर गेले सांगायला.
सर हसले. "पाणी मऊ आहे, एवढंच कळतं डाळीवरून. जंतूंचं डाळीला काय माहीत?"
सगळा आनंद मातीत. मग मला कशावरून कळणार? म्हणे रोज तपासतो, भरवसा ठेवा. भरवसा! शेवंतानं टँकरवर ठेवलाच होता की.
सासूबाईंनी डाळ खाल्ली न्हाई. वास मात्र घेतला.

१७ एप्रिल
टँकरचं पाणी पिवळट आलं, वर तवंग. खालच्या आळीत काविळीनं दोघं आडवे. उकळून देऊ म्हटलं तर कळशीभर उकळायला सरपण कुठलं? सु. म्हणाली, "आई, तू देशील ते पिते." असं कोणी म्हणतं का आईला!
दोन कळश्या पुढ्यात घेऊन बसले. एक टँकरची, एक गटारीची. शेवटी शेडचंच दिलं. आधी मी प्याले. चव काहीच न्हाई. चव असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

२० एप्रिल
लाईट गेली. लाईट गेली की जांभळा दिवा विझतो आणि नळ आपोआप बंद. रिकामी कळशी घेऊन परत. लई चिडले. मग वाटलं, बरंच की. त्या मशीनला निदान न्हाई तरी म्हणता येतं.

२९ एप्रिल
मुलगी झाली. दोघी सुखरूप. सु.चे डोळे सारखी उघडून बघते, पांढरेच आहेत. शेवंता आली, लेकरू मांडीवर घेतलं आणि हमसून रडली. मीपण रडले. पाण्यानं वाचवलं का नशिबानं, काही कळत न्हाई.

५ जून
सव्वा महिना झाला. विहीर पुजल्याशिवाय बाळंतिणीनं कळशी उचलायची न्हाई. ह्यांनी जवळा बाजारातून ओटीचं सामान आणलं. पण विहीर कोरडी, तळाची फुटकी चप्पल दिसते.
सु. म्हणे, "जे पाणी प्याले त्यालाच पुजीन." मी म्हटलं, मग नळाला कुंकू लावू.
सासूबाई उठल्या. इतके दिवस शेडकडं फिरकल्या न्हाईत त्या, पदरात पाच खडे घेऊन निघाल्या. आमी मागं. नळापाशी थांबल्याच न्हाईत. थेट खड्ड्यावर, गटार पडते तिथं. नाकाला पदर लावून खडे मांडले.
"नळाला काय पुजता? पाणी येतं तिथं पुजतात."
सु.नं हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. सर लांबून बघत होते, हसावं का हात जोडावेत त्यांनाही कळेना.
भरून आणलेल्या कळशीतला पहिला तांब्या घरातल्या मोठ्या माणसाला. सासूबाईंनी घेतला. प्याल्या न्हाईत. झाकून उशाशी ठेवला.

६ जून
तांब्या रिकामा.
सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, प्यालात का?"
"तुळशीला घातलं."
जाऊन बघितलं. तुळशीची माती ठणठणीत कोरडी. म्हणजे प्याल्या? का मोरीत ओतलं? मोरीत ओतलं असंल तर फिरून शेडवरच जाणार, आणि दोन दिवसांत आमच्याच कळशीत येणार.