वोल्फ्राम केटनरचा सांधा सुटला नव्हता

संत बार्बारा आम्हा दारूकाम करणाऱ्यांना सांभाळते असे म्हणतात. तिला स्मरून मी, एन्ड्रेस लोखनर, ग्राउबाख शहराचा तोफेची दारू बनवणारा कारागीर, वय त्रेसष्टच्या आसपास, धाप लागत असली तरी डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. आधीचे रद्द समजावे. त्यात वाटणी बरोबर होती, पण जे सांगायचे ते मी सांगितले नव्हते.

एक. खालच्या वेशीजवळचे घर, मागची सफरचंदाची झाडे आणि पेटीतली सोन्याची नाणी, गुल्डेन, माझी थोरली बहीण वाल्बुर्गा, लोहार वोल्फ्राम केटनर याची विधवा, हिला द्यावेत. ती नको म्हणेल. तरी द्यावेत.

दोन. कुटायची उखळी, तराजू आणि गंधकाचा साठा माझा कामगार लोरेन्झ याला. त्याने शेकोटीपाशी बसून गंधक निवडणे सोडावे, मी सांगून थकलो. शहरातला दुसरा दारू बनवणारा बार्थेल कोल्ब याला काही नाही. मी दारू भिजवायला नुसते पाणी वापरतो असे तो गावभर सांगत फिरला. दारूला जोर यावा म्हणून मी जन्मभर वाइन पिणाऱ्यांचेच मूत्र वापरले, त्यासाठी मठातल्या साधूंना पदरमोड करून वाइन पाजली. बिअर पिणाऱ्यांचे मूत्र त्याचे त्याला लखलाभ.

तीन. हे कलम लोहारांच्या संघासमोर मोठ्याने वाचावे.

पूर्वी आमची दारू पिठासारखी असे. ती भिजवून, वाळवून, चाळणीतून तिचे दाणे पाडले तर दुप्पट जोर धरते, हे मला १४४९ साली कळले. हातबंदुकीत मी निम्मे माप घालून पाहिले होते. म्हणजे मला ठाऊक होते. पण निम्मे माप घाला असे म्हटले असते, तर कोल्बने दुसऱ्याच दिवशी माझे गुपित ओळखले असते.

त्या वर्षी बार्बाराच्या सणाला तटावरची जुनी तोफ, बहिरी उर्सेल, डागायची होती. वोल्फ्रामने ती लोखंडी पट्ट्या सांधून, वर कडी चढवून घडवली होती. आमच्याकडे सणाच्या पहिल्या बाराला तोफ घडवणाऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे असते. बार दणक्यात व्हावा म्हणून मी पिंपात खाली दाणे भरले आणि वर जुनी पिठी दारू पसरली. वोल्फ्रामने हात घातलाच.

"एन्ड्रेस, खाली खडे लागतायत रे."

"दाजी, तुम्ही तुमचं लोखंड बघा. दारूतलं तुम्हाला काय कळतंय?"

तो हसला. "बरं बाबा. माप नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच," मी म्हणालो.

तोफ फुटली. वोल्फ्राम जागीच गेला. संघाने सांधा कच्चा ठरवला, संघाच्या फळ्यावरची त्याची कारागिराची खूण खरवडून काढली आणि त्याला मानाच्या मशालींशिवाय पुरले.

तिसऱ्या दिवशी ताई शालीखाली तोफेचा एक तुकडा घेऊन माझ्याकडे आली. "बघ, सांधा शाबूत आहे. पट्टी मधूनच फाटलीय. तुझं ते ऐकतील, तू जाऊन सांग." ती म्हणत होती तसेच होते. मी तुकडा उजेडात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणालो, "ताई, सांधाच सुटलाय." तुकडा तिथेच टाकून ती निघून गेली. हे मी भीतीपोटी केले. दुसरे कारण शोधत बसू नये.

चार. तो तुकडा माझ्या पेटीत आहे. लोहारांनी पाहावा, त्यांना सांगायची गरज पडणार नाही. वोल्फ्रामची खूण फळ्यावर पुन्हा कोरावी आणि त्याच्या थडग्यापाशी मशाली लावाव्यात. दाणेदार दारूची कृती मागेल त्याला द्यावी, कोल्बलासुद्धा, आणि जुन्या तोफेत निम्मेच माप घालायचे हे प्रत्येकाला बजावून सांगावे.

पाच. हे कलम आज जोडले. मेल्यावर कळवणे म्हणजे पुन्हा पळ काढणे, असे वाटून मी सकाळी ताईला बोलावले आणि साक्षीदारांसमोर वरचे सगळे वाचून दाखवले. ती मारेल असे वाटले होते. मला ते बरे वाटले असते.

तिने एवढेच विचारले, "म्हणजे त्याचा हात चुकला नव्हता?"

"नाही, ताई."

"पहिलं वर्ष मी भांडले रे लोकांशी. मग म्हटलं, सख्खा भाऊ कशाला खोटं बोलेल? तेव्हापासून त्यालाच शिव्या देत आले. त्याच्या थडग्यावर एक मेणबत्ती लावली नाही मी."

ती उठू लागली तेव्हा मी हात पुढे केला. तिने भिंत धरली.

ताईपासून मी तिचा नवरा दोनदा हिरावून घेतला. दुसऱ्या वेळची भरपाई होईल असे माझ्या मालमत्तेत काही नाही, म्हणून त्याचे पुढचे कलम कोरे ठेवत आहे.

सहा.

साक्षीदार: योर्ग फाइलर, वेशीवरचा पहारेकरी (सही)
क्रिस्टोफ आमान, मठाचा लेखनिक (सही)

एन्ड्रेस लोखनर, स्वहस्ते
ग्राउबाख, संत मार्टिनचा दिवस, सन १४६६