नात बुधवारी येणार

१८ डिसेंबर, गुरुवार

पोचलो. नवऱ्याच्या, निखिलच्या, कंपनीचा फ्लॅट आहे परळला, अठ्ठाविसाव्या मजल्यावर. सगळं चकाचक. रेवा सोफ्यावरच झोपली, बूटसुद्धा काढले नाहीत.

आईला सांगितलंय की आम्ही बुधवारी, २४ला येतोय. म्हणजे सहा दिवस मी मुंबईत आहे आणि नाहीसुद्धा. आई इथून चालत वीस मिनिटांवर, डिलाईल रोडला, त्याच चाळीत, त्याच खोलीत.

कारण आहे ना. मागच्या वेळी रेवा पाच वर्षांची होती. गॅलरीच्या टोकाचे संडास बघून जी रडायला लागली ती थांबेचना. दोन दिवस दाबून ठेवलं, ताप, डॉक्टर, सगळं झालं. आई तिच्या मालवणीत सगळ्यांना सांगत सुटली, माझ्या घरान चेडवाक (पोरीला) आजारी पाडल्यान. म्हणून या वेळी आधी पोरीला जरा रुळू दे, मुंबई बघू दे, मग आईकडे.

छान कारण आहे. मग आईला खरं का नाही सांगितलं?

संध्याकाळी तिला फोन केला, कॅमेरा बंद ठेवून. म्हणाली, "आज आवाज कसो गो अगदी बाजूच्या खोलयेतसून येता?" मी म्हटलं, नेट चांगलं आहे. निखिल समोर बसून ऐकत होता. उठून आत गेला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

रेवाला घेऊन बाहेर. सकाळी दादरचं फुलमार्केट. तिला झेंडूचे ढीग जाम आवडले, हात घालून घालून बघत होती. मी डोक्याला स्कार्फ, गॉगल, तोंडावर मास्क. रेवा म्हणते, "मम्मा, आर यू फेमस?" काय बोलणार कप्पाळ.

साडीच्या दुकानाबाहेर समोरून आमच्या शेजारच्या तावडे काकू आल्यासारख्या वाटल्या. मी रेवाला ओढून दुकानात. दहा मिनिटं नऊवारी बघत बसले. त्या काकू नव्हत्याच. सेल्समन मात्र सहा साड्या उलगडून बसला होता बिचारा.

दुपारी गिरगाव चौपाटी. भेळ तिखट लागली, कुल्फी दोन खाल्ल्या. तिच्या शाळेच्या वहीत लिहायचंय, 'सुट्टीत मी माझ्या आईचं शहर पाहिलं'. तिने विचारलं, तू लहानपणी इथे यायचीस? म्हटलं, हो, तुझ्या आजोबांबरोबर, रविवारी. "मग आजी कुठाय?" हे तिने डचमध्ये, तिच्या शाळेच्या भाषेत विचारलं. मीही डचमध्येच उत्तर दिलं, बुधवारी भेटेल. मराठीत सांगायला लाज वाटली असावी.

नि.ने उद्यासाठी गिरणगाव फेरी बुक केलीये. एक गाईड लोकांना चालवत सगळं दाखवते. म्हणाला, "खरं तर तूच दाखवायला पाहिजेस." मी म्हटलं, मला इतिहास कुठे नीट माहितीये. डिलाईल रोडची पोर मी, आणि माझ्या पोरीला गिरणगाव दाखवायला माणूस भाड्याने. वा गं वा.

२० डिसेंबर, शनिवार

लिहायला हात होत नाहीये. पण लिहिलं नाही तर उद्या स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

नि.ला मीटिंग होती म्हणून मी आणि रेवा दोघीच. एकूण नऊ जण, त्यात दोघे गोरे. गाईड पोरगी गोड होती, पंचविशीची, इंग्रजी फाडफाड, मराठी जपून. लालबागला मसाल्याची दुकानं, मिरच्या, सगळ्यांच्या शिंका. तोवर मजेत होते. मग पूल ओलांडून ती डिलाईल रोडला वळली, तशी मी मास्क आणि गॉगल नीट केला. म्हटलं, चाळी काय एक आहे का इथे. ती थांबली ती आमच्याच दारात.

तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पोट दुखतंय म्हणायचं, काहीही सांगायचं. पण वाटलं, शनिवार आहे, आई मारुतीला गेली असेल. तिसऱ्या मजल्यापर्यंत मोजून पायऱ्या चढले. गाईड म्हणाली, इथे एक आजी राहतात, त्या आपल्याला त्यांचं घर बघू देतात, चहा देतात.

आणि तेव्हा आठवलं. आईने फोनवर सांगितलं होतं, एकदा नाही, तीनदा. "शनवारी माझ्याकडे माणसा येतत, घर बघूक." मी स्पीकरवर फोन टाकून कांदा चिरत होते. बरं, बरं म्हटलं होतं.

आमची खोली. बाबांचा फोटो, माझा पदवीचा फोटो. (त्यात मी इतकी बारीक की कोणी ओळखणार नाही, हे पहिलं डोक्यात आलं. पहिलं हेच!) आई मोरीपाशी उभी होती, इस्त्रीची साडी नेसून. माझ्याकडे तिची पाठ. मोरीची भिंत वाढवलेली, नवं दार, आत कमोड. टाईल्स गुलाबी.

आई सगळ्यांना सांगत होती, "हे आता नवीन केलं. स्वयंपाकाची जागा थोडी गेली, पण असू दे. माझी नात येणार आहे परदेशातून. बुधवारी. तिच्यासाठी केलं."

गाईडने इंग्रजीत सांगितलं. सगळे आहाहा करू लागले. एक गोरी बाई तर डोळे पुसत होती.

मग आई वळली. आधी तिला रेवा दिसली. रेवाने तोंड उघडलं, "आ..." आणि मी तिचा हात दाबला. चांगला करकचून दाबला. आईने तो हात बघितला. मग माझ्याकडे बघितलं, मास्क, गॉगल, सगळ्यातून आरपार.

दोन सेकंद असतील. मग गाईडला म्हणाली, "बुधवारी येते ती." आणि चहा आणायला गेली.

चहा सगळ्यांना दिला. माझ्यासमोर ट्रे धरून म्हणाली, "घ्या ताई." घ्या. ताई. मी घेतला. मास्क खाली करून प्यायला लागला असता, म्हणून तसाच हातात धरून उभी राहिले. रेवाच्या हातात तिने लाडू ठेवला, इतर कोणाला नाही दिला. डोक्यावर हात ठेवणार होती, पण ठेवला नाही.

खाली आल्यावर गाईड म्हणाली, यू लाइक्ड द आजी? मी म्हटलं, हो. व्हेरी स्वीट.

शी.

२१ डिसेंबर, रविवार

नि. म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जा. मी टॅक्सी बोलावतो." मी म्हटलं, काय तोंडाने जाऊ? तो म्हणाला, "आहे त्या तोंडाने." चिडून अंगावर ओरडले त्याच्या. त्याची काय चूक? पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

नाही गेले. दिवसभर कपडे घड्या घालत बसले, परत मोडून परत घातल्या.

खरं कारण लिहून टाकते. रेवा आता नऊ वर्षांची आहे. तिने शाळेच्या कॅम्पमध्ये जंगलात खड्डा खणून सगळं केलंय. संडासाच्या रांगेत मला उभं राहायचं नव्हतं. सकाळी बादली घेऊन, तावडे काकू 'काय गं, कधी आलीस' विचारणार, त्यांच्यासमोर. चार वर्षं आईला फोनवर पोरीचं नाव पुढे केलं आणि स्वतः मागे लपले. आणि आईने पोरीचं नाव खरं मानून घर फोडलं, स्वयंपाकाची जागा देऊन टाकली.

२२ डिसेंबर, सोमवार

आईचा फोन. वाटलं, आता बोलेल. शिव्या दिल्या तर बरं होईल.

"बुधवारी जेवूक काय करू? चेडवाक काय आवाडता?"

नेहमीचाच आवाज. मी म्हटलं, काहीही कर. म्हणाली, "काहीही म्हणजे काय गो? सांग ना. कोंबडी वडे करू?" म्हटलं, कर. मी "आई, शनिवारी..." म्हणाले, तर म्हणाली, "कुकराची शिटी इली. ठेवतंय." आणि ठेवला. शिट्टी काही ऐकू आली नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

रेवा शनिवारपासून वहीत काहीतरी लिहून खोडतेय. शेवटी आज विचारलंन, आजीने मला ओळखलं नाही का? म्हटलं, ओळखलं गं. "देन व्हाय डिडंट शी से?" सांगितलं, कारण मी तिला खोटं सांगितलं होतं आणि तिला सगळ्यांसमोर माझी लाज काढायची नव्हती. नऊ वर्षांच्या पोरीसमोर हे वाक्य बोलणं म्हणजे... जाऊ दे. बोलले तरी.

तिने वही मिटली. मग म्हणाली, "उद्या मी पहिल्यांदा बघितल्यासारखं करायचं का?"

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, तुला वाटेल तसं कर.

२४ डिसेंबर, बुधवार

सगळ्या मोठ्या बॅगा घेऊन टॅक्सीने गेलो. चालत वीस मिनिटांचं अंतर, आणि बॅगांवर विमानाचे टॅग अजून तसेच. मी काढले नव्हते. मुद्दाम का? हो, मुद्दाम.

गॅलरीत सगळे जमले होते. आईने दारात उभं करून भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं, "प्रवास बरो झालो मां? विमान वेळेवर इला?"

मला झाकत होती ती. मी म्हटलं, "हो, वेळेवर." तावडे काकू म्हणाल्या, थकलेली दिसतेस गं, झोप नसेल झाली विमानात. नि. खाली बूट सोडत बसला, मान वर केली नाही त्याने.

मग आईने रेवाला हाताला धरून मोरीपाशी नेलं, दार उघडलं. "बघ, तुझ्यासाठी."

रेवाने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्या! किती छान आहे आजी! मला माहीतच नव्हतं!"

सलग, चूक न करता, माझ्यासारख्या हेलात. तीन वर्षं शनिवारी मराठीच्या वर्गाला नेतेय तिला, तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पोरगी काय सुंदर मराठी बोलते. आईने टाळी वाजवली नाही. माझ्याकडे बघितलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच.

शनिवारी ती रागावली नव्हती. आज रागावली.

२५ डिसेंबर, गुरुवार

नि. परळच्या फ्लॅटवर झोपतो, मी आणि रेवा इथे. सकाळी मुद्दाम बादली घेऊन रांगेत उभी राहिले. आईने बघितलं आणि म्हणाली, "ह्याची काय गरज नाय." बरोबर आहे. आता कोणासाठी?

दोघी एका ताटात जेवतात, आजी नि नात. आई तिला माशाचे काटे काढून देते. माझ्याशी बोलते, मीठ दे, दार लाव, एवढंच. दुपारी मी म्हटलं, आई, चुकलंच माझं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माका लपवलंस, ता मी गिळलंय. त्या पोराक खोटा बोलूक कित्याक शिकवलंस?"

उठून कपडे वाळत घालायला गेले. गॅलरीत उभी राहून रडले, आणि समोरच्या चाळीतली बाई बघत होती तरी थांबले नाही.

२७ डिसेंबर, शनिवार. सकाळचे साडेनऊ

दहाला ती माणसं येणार, घर बघायला. ती गाईड पोरगी मला ओळखेल, रेवाला तर नक्कीच. आणि विचारणार, आजी, नात आली का?

आईने इस्त्रीची साडी नेसली आहे. रेवा दारातल्या स्टुलावर बसलीये, तिला ते लोक बघायचेत. मी म्हटलं, शिवाजी पार्कला जाऊया का? म्हणाली, नको.

मी अजून गाऊनवर. आईला म्हटलं, काय करू? तिने चहाचं पाणी ठेवलं, माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुका जावचा आसा तर मागल्या जिन्यान जा. मी काय सांगूचंय नाय. पण चेडू हयच रवतला." रेवा इथेच.

जिन्यात खाली गाईडचा आवाज. पहिल्या मजल्यावर थांबून काहीतरी सांगतेय, लाकडी खांबांबद्दल. साडी नेसायला वेळ आहे अजून. मागच्या जिन्याने उतरायलाही आहे.