पहिलीच्या वर्गातलं ‘नाही’

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय. तुम्ही चोपड्याहून एसटीने आमच्या गावच्या शाळेत यायचात, तेव्हा पहिलीत ज्याच्या-त्याच्याशी मारामारी करणारा तो मी. आम्ही घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचो, आणि पुस्तकातली मराठी डोक्यावरून गेली की तुम्ही सरळ आमच्या बोलीत शिरायचात. त्या दिवशी माझी पाटी फुटलीय, म्हणून मी शेजारच्या मुलीची ओढतोय. ती देत नाही. मी हात उगारतो. तुम्ही छडी घेत नाही, ओरडत नाही. माझ्याजवळ गोणपाटावर येऊन बसता आणि विचारता, पाटी कुणाची आहे.

“पाटी कोनी शे?”

“तिनी.”

“ती काय म्हणनी?”

“नही म्हणनी.”

“मंग?”

मला उत्तर येत नाही. सगळा वर्ग हसतो.

“मंग नही, भाऊ. इतलंच शे.”

मग तुमचा खडू देऊन मला फरशीवर लिहायला बसवलंत. घरी आईने विचारलं, आज काय शिकलास? मी म्हटलं, काहीच नाही. तुम्ही होतात तोवर मात्र मी कुणावर हात टाकला नाही. पुढे हायस्कुलात जो हात टाकेल तो वाघ, अशी रीत होती; मीही वाघ झालो.

कॉलेजला धुळ्यात आलो, देवपुरात खोली घेतली. वर्गातली एक मुलगी आवडायला लागली. जेवण सुटलं, झोप उडाली. दोन चिठ्ठ्या दिल्या, तिने दोन्ही न उघडता परत केल्या. खोलीतले मित्र म्हणाले, “अरे, पोरी आधी नाहीच म्हणतात. ढिला पडू नको.” ते मला पटलं, बाई. कॉलेजच्या फाटकात तिच्या सायकलचं हँडल धरलं.

“सोड.”

“उत्तर देऊन जा.”

“दिलंय ना. नाही.”

डोकं फिरलं, हात वर गेला. मारलं नाही मी. पण मारणारच, असं समजून तिने कोपर तोंडावर घेतलं होतं. मी हँडल सोडलं. ज्या मुलीसाठी मी जेवण टाकलं, ती माझ्यापासून तोंड वाचवत होती! पदवीच्या वर्गात बसलेल्या मला पहिलीतलं उत्तर येत नव्हतं.

ती परत आलीच नाही. आठवड्याने कळलं, वडिलांनी कॉलेजातून तिचं नाव काढून घेतलं. “पोरीनेच काही केलं असेल,” असं तिच्या गल्लीत बोलतात म्हणे. मीही कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, मन लागत नाही.

तिचा काही दोष नव्हता, असं मी तिच्या वडिलांना कळवलं तर ती कदाचित परत वर्गात बसेल. ते पत्र सकाळीच लिहायला घेतलं होतं. ‘काका’ लिहिलं आणि पेन थांबलं. तुम्हाला मात्र पानभर लिहून झालं, बाई, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.