मेंगा मावशी शेवटी बोलते

९ जानेवारी
परत फिरलो! अर्ध्या वाटेवरून. पायाखाली बर्फ धप्पकन खचला आणि मेंगा मावशी जागीच थांबली. "आतला थर कच्चा आहे. चला घरी." बस, एवढंच. स्वित्झर्लंडच्या या अख्ख्या एंगादीन खोऱ्यात अशी गाईड नाही. माघार घेताना चेहऱ्यावर जराही लाज नाही.

माझा दीर कुर्दिन स्की वळवता वळवता पुटपुटला, "वहिनी, तुझ्या मावशीबरोबर निघायचं म्हणजे घरी जवाचं सूप चुलीवर ठेवूनच निघायचं."

मावशीने ऐकलंच. "ठेव की. निदान प्यायला तू असशील."

१० जानेवारी
अंग दुखतंय. तरी पुन्हा कधी जायचं, हेच डोक्यात.

२३ जानेवारी
तिची पद्धत मला फार आवडते. बर्फ कोसळायचा धोका असलेला उतार आला की थांबवते. सगळ्यात नवख्या माणसाने आधी बोलायचं – म्हणजे मी. मग कुर्दिन. ती शेवटी. एकानेही 'नको' म्हटलं की परत, कारण विचारायचं नाही. मग गळ्यातली यंत्रं चालू आहेत ना ते बघते, बर्फाखाली गाडला गेलेला माणूस त्यावरच सापडतो. आणि एकेकालाच पुढे सोडते.

मी आपली दर वेळी 'चला'. मावशी आहे ना, मला काय कळतंय!

५ फेब्रुवारी
बोलणी खाल्ली. कड्यावरून वाऱ्याने आणलेला बर्फ उतारावर गादीसारखा साचला होता, कधीही घसरेल असा. भीती वाटली, तरी म्हटलं 'चला'. कुर्दिनही 'चला'. मावशी म्हणाली 'नको'.

खाली चहा पिताना – "बार्बला, घाबरली होतीस. खोटं का बोललीस?"

"तू होतीस ना, मावशी."

"मग पुढच्या वेळी डोळे घरी ठेवून ये. माझीच री ओढणारी माणसं एक दिवस मला मारतील."

रडू आलं. रागही आला तिचा. आणि तरी तिच्यासारखंच व्हावंसं वाटतं.

११ फेब्रुवारी
बर्फ. वारा. पुन्हा बर्फ.

१४ फेब्रुवारी
शेवटी ऊन! आज मावशीचा साठावा वाढदिवस. गावामागचाच डोंगर, तिचा लाडका. लहानपणापासून जाते तिथे. तो उतार कधी सुटत नाही, तिथला बर्फ कधी कोसळत नाही, असं सगळं गाव म्हणतं. माथ्यावर कापायचा अक्रोडाचा केक माझ्या पिशवीत होता.

उताराखाली थांबलो. मावशीचे डोळे नुसते चमकत होते. आणि मला वर तीच साचलेली गादी दिसली. कसंबसं म्हटलं, "नको."

"वहिनी, आज तरी!" कुर्दिन म्हणाला.

मावशीने त्याला हातानेच गप्प केलं. मला काही विचारलं नाही. स्की वळवल्या आणि खाली निघाली. केक तिच्या स्वयंपाकघरात कापला. किती खाल्ला, किती हसली! एवढ्या मोठ्या मनाची बाई मी पाहिलेली नाही.

१५ फेब्रुवारी
दुपारी तो उतार सुटला. आमची कालची वाट गाडली गेली.

मावशी दारात आली. ये म्हटलं तरी आत आली नाही. म्हणाली, "काल मी 'चला' म्हणणार होते."